बिनघंटेची कालवड

उद्या गुरं खाली उतरायची होती आणि मेनाच्या अंगात सकाळपासून वारं शिरलं होतं. गोठा झाडून झाला, चीज पुसून झालं, कुरणाच्या कडेपर्यंत जाऊन दोनदा उगाचच खाली गावाकडे बघून झालं. अडतीस जनावरं जूनमध्ये वर आणली होती आणि आज, सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, अडतीसच्या अडतीस तिच्यासमोर उभी राहून रवंथ करत होती. हे साधं नव्हतं. निदान मेनासाठी तरी नव्हतं.

आल्प्समधल्या उल्टनच्या खोऱ्यात रीत आहे ती अशी. उन्हाळाभर वरच्या कुरणावर एकही जनावर दगावलं नाही, तरच खिल्लार नटूनथटून गावात येतं. म्होरक्या गायीच्या डोक्यावर मुकुट, बाकीच्यांच्या गळ्यात फुलं आणि घासून लख्ख केलेल्या पितळेच्या घंटा. एक जरी गेलं, मग ते वीज पडून जावो नाहीतर ताप येऊन, की फुलं नाहीत, घंटा नाहीत, रस्त्याच्या कडेने मुकाट घरी यायचं. आणि मेना लागोपाठ तीन वर्षं मुकाट आली होती. पहिल्या वर्षी वीज. दुसऱ्या वर्षी काळ्या घळीत एक गाय घसरली. तिसऱ्या वर्षी एक कालवड तापली आणि डॉक्टर वर पोचेपर्यंत संपली. यात मेनाचा काय दोष? कपाळाचा दोष म्हणा. पण गावाला बोलायला काहीतरी लागतंच. पाववाली, पोस्टातला, चर्चच्या पायऱ्यांवर ऊन खात बसलेले म्हातारे, सगळे हसून विचारायचे, "काय मेना, यंदाही बोडकंच का?"

यंदा नाही. यंदा बघाच म्हणावं.

तिचा थोरला भाऊ विगिल मुकुट बांधायला कालच वर आला होता. गुरं त्याची, शेत त्याचं, आणि जीभही त्याचीच. झोपडीबाहेरच्या बाकावर पाय पसरून तो सांगाड्याला तांबड्या फिती गुंडाळत होता. शेजारी अडतीस घंटा रांगेने मांडून ठेवल्या होत्या. राख आणि व्हिनेगर लावून मेनाने त्या अशा घासल्या होत्या की डोळे दिपावेत.

"मेने, एक विचारू?" विगिल म्हणाला.

"नको."

"रोजच्या घंटा निघायच्या सकाळी काढतात. आपला बाप तसंच करायचा, त्याचा बाप तसंच करायचा. तू कालच काढून ठेवल्यास. गुरं मुकी करून ठेवलीस."

"उद्या सकाळी अडतीस घंटा घासायला तू उठणार होतास? एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय? कुंपण आहे, फाटक आहे."

"आणि फाटकावर तुझी पाटी आहे."

"आहेच."

ती पाटी खोऱ्यात प्रसिद्ध होती. मेनाने स्वतःच्या हाताने, तीन भाषांत रंगवली होती. 'फाटक लावा. आकडा अडकवा. गाय मागोमाग आली तर तिला तुमच्या घरी ठेवणार आहात का?' अकरा उन्हाळे मेना या कुरणावर होती आणि अकरा उन्हाळे येणाऱ्याजाणाऱ्याला फाटकावरून, कचऱ्यावरून, कुत्र्यांवरून धारेवर धरत होती. फिरायला येणारे लोक तिला घाबरायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिच्याच हातचं ताक प्यायला यायचे.

नऊच्या सुमाराला गाणं आधी आलं आणि माणसं मागून. लाल जॅकेटातला एक उंचापुरा तरुण पाठीवरच्या पिशवीला स्पीकर लटकवून चालत होता, आणि त्याच्यामागे केसात चंदेरी काटेफूल खोवलेली एक मुलगी. गायींनी माना वर केल्या.

"ए! बंद कर ते आधी!"

तरुण दचकून थांबला. गाणंही थांबलं. "माफ करा बाई, तुम्हाला त्रास झाला का?"

"तुम्हाला म्हणजे कोणाला? मी एकटीच उभी आहे इथे. डोंगरात हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना 'तू'. अहो-जाहो काय करायचं ते खाली जाऊन कर. आणि त्रास मला नाही, त्या गाभण्या आहेत ना, त्यांना होतो."

"बरं," तो हसला. "तुला नाही, त्यांना त्रास. चुकलं."

हा एत्तोरे. मुलगी लुदोविका, त्याची बायको. मिलानची माणसं, लग्नाला चार महिने झालेले, डोंगरात पहिल्यांदाच आलेली. मेनाने इतकं सगळं दोन मिनिटांत काढून घेतलं आणि मग लुदोविकाच्या केसांकडे बोट दाखवलं.

"हे कुठून उपटलंस?"

"वाटेवर होतं. एकच घेतलं गं."

"तू एकच, तुझ्या मागचीही एकच. संध्याकाळपर्यंत डोंगराला टक्कल पडेल. ते फूल तोडायला बंदी आहे, माहीत नव्हतं ना? आता झालं माहीत. आणि हे काय?"

एत्तोरेच्या हातून संत्र्याची साल गवतात पडली होती. त्याने खांदे उडवले. "साल आहे. कुजेल की."

"इथे? या थंडीत? अरे, अकरा वर्षं झाली, मी नाही कुजले अजून! उचल."

बाकावरून विगिल खो खो हसला. लुदोविकाही हसली, एत्तोरे मान खाली घालून साली वेचू लागला आणि वेचता वेचता आधी कोणी टाकलेला चॉकलेटचा कागदही त्याने उचलून खिशात घातला. ते मेनाने पाहिलं. पोरगं अगदीच वाया गेलेलं नव्हतं. तिने दोघांना ताक दिलं, कडक भाकरीचा तुकडा दिला आणि वरच्या तळ्याची वाट सांगितली.

"पायवाट सोडायची नाही. गायीपासून वीस पावलं लांब. वासरू कितीही गोड दिसलं तरी हात लावायचा नाही, त्याची आई बघत असते. आणि ते वरचं फाटक—"

"लावायचं," लुदोविका म्हणाली.

"आणि आकडा अडकवायचा," एत्तोरे म्हणाला.

"शहाणी लेकरं," मेना म्हणाली आणि कामाला लागली. कामं तरी किती! मुकुटाला हिरवं कमी पडत होतं. दहाच्या सुमाराला ती स्वतः फाटकातून वर जाऊन जुनिपरच्या आणि पाइनच्या फांद्या घेऊन आली, कवेत मावत नव्हत्या एवढ्या. नुसतं नाक वर दिसत होतं तिचं. विगिल म्हणाला, "एवढ्यात तर अख्खा गोठा नटेल." ती म्हणाली, "नटू दे. तीन वर्षांचं राहिलंय."

बाराला तिने गुरं मोजली. उगाच. मोजायचं काही कारण नव्हतं, मोजताना बरं वाटत होतं म्हणून. सदतीस.

पुन्हा मोजली. सदतीस.

"विगिल! स्पात्स कुठेय?"

स्पात्स म्हणजे चिमणी. दोन वर्षांची, पहिलटकरीण, नाव चिमणीचं आणि अंग रेड्याचं, आणि डोक्यात सदा वरच्या कुरणाचं गवत. जुलैत गुरं वर चरायची, ती चव तिच्या जिभेवरून गेलीच नव्हती. मेनाने वर पाहिलं. फाटक सताड उघडं होतं, वाऱ्याने हलत होतं.

"लाल जॅकेट!" मेना किंचाळली. "त्या लाल जॅकेटवाल्याला मी सोडत नाही! माझं ताक प्यायला आणि माझं फाटक उघडं टाकलं!"

"आधी कालवड बघ, जॅकेट मागून," म्हणत विगिल काठी घेऊन उठला. तो ओढ्याच्या बाजूने निघाला, ती पायवाटेने. दहा पावलं गेली नाही तोच सवयीने तिने कान टवकारले. गळ्यातल्या घंटेचा आवाज ऐकायचा, की जनावर कुठेय ते कळतं. लहानपणापासून असंच. प्रत्येक घंटेचा सूर तिला पाठ होता. स्पात्सची जराशी बसक्या आवाजाची.

आणि मग तिला आठवलं. स्पात्सची घंटा खाली बाकावर होती. लख्ख घासलेली.

मेना धावत सुटली. त्रेपन्न वर्षांची बाई, पण डोंगरावर तिला गाठणं पोरांचं काम नव्हतं. दिवस असा होता की एरवी तिने जागोजागी थांबून देवाचे आभार मानले असते. लार्चची झाडं पिवळीधमक झाली होती, ओढा नुसता उड्या मारत होता, आणि खोऱ्याच्या टोकाला बर्फाचं शिखर इतकं जवळ दिसत होतं की हात लावावा. वर ओढ्यापलीकडची मोठी वाट येऊन मिळते, तिथून पुढे पायवाटेवर शनिवारची गर्दी. निवृत्त मंडळींचं एक गायक पथक काठ्या टेकत, तीन सुरांत गात वर चाललं होतं. कोणी फोनवर बोलत होतं, कोणाचं पोर प्रतिध्वनी काढत होतं. मेनाला यातलं काही बघायचं नव्हतं. तिला फक्त डावीकडची काळी घळ दिसत होती. तिथेच गेल्याच्या गेल्या वर्षी ती गाय घसरली होती. वरून तीन दिवस गिधाडं फिरत होती, ते अजून तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

तळ्याच्या काठी ते दोघं दगडावर बसून पाव खात होते.

"फाटक उघडं टाकून इथे पाव खाताय? लाज वाटते का?" मेना लांबूनच सुटली. "शहाणी लेकरं म्हटलं मी तुम्हाला! माझी कालवड गेली! तुमच्या एका आकड्यापायी माझा अख्खा उन्हाळा गेला!"

एत्तोरे उभा राहिला. चेहरा पांढरा पडला होता. "मेना, आम्ही लावलं. आकडाही अडकवला. शपथ."

"शपथ! सगळे हेच म्हणतात!"

लुदोविकाने फोन काढला आणि मेनाच्या हातात दिला. पाटी मजेशीर वाटली म्हणून तिने फोटो काढला होता. पाटीखाली एत्तोरे गायीसारखं तोंड करून उभा होता. त्याच्यामागे फाटक. बंद. आकडा कडीत बसलेला, स्पष्ट. वर वेळ लिहिलेली. नऊ वाजून चाळीस मिनिटं.

मेनाने फोटोकडे पाहिलं. नऊ चाळीस. आणि दहा वाजता कोण गेलं होतं त्या फाटकातून? कवेत फांद्या, नाक तेवढं वर. फाटक तिने कमरेने ढकललं होतं. ढकललं होतं हे नक्की. आकडा? आकडा लावायला हात कुठे मोकळा होता?

अकरा वर्षं. अकरा वर्षं जगाला शिकवलं आणि आज स्वतः.

"मग," ती म्हणाली, आणि आवाज तिचा तिलाच परका वाटला, "मग तुमच्या मागून आलं असेल कोणीतरी."

"असेल," एत्तोरे म्हणाला. "ते जाऊ दे. आता काय करायचं ते सांग. आम्ही शोधतो."

हे आणखीच जिव्हारी लागलं. त्याने एकदाही म्हटलं नाही की बघ, उगाच आमच्यावर ओरडलीस.

"शोधायचं कसं?" मेना म्हणाली. "घंटाच नाहीये गळ्यात. कानाने शोधायचं ते, आणि हा बाजार भरलाय इथे! स्वतःचा श्वास ऐकू येत नाही."

एत्तोरेने खाली पाहिलं, पायवाटेवरच्या त्या सगळ्या रंगीबेरंगी माणसांकडे. "एवढंच ना?" तो म्हणाला आणि पळाला. लुदोविका दुसऱ्या बाजूला, तळ्याकाठच्या मंडळींकडे पळाली. मेना बघत राहिली. लाल जॅकेट एका टोळक्यापाशी थांबायचं, हात हलायचे, तोंडावर बोट जायचं, की पुढच्या टोळक्याकडे. मागे राहिलेली माणसं जागच्या जागी थिजल्यासारखी उभी राहायची. गायक पथक अर्ध्या ओळीत थांबलं. प्रतिध्वनी काढणाऱ्या पोराला आईने मांडीवर घेतलं. सकाळी स्पीकर वाजवत आलेला माणूस, आणि पाहता पाहता अख्खं खोरं त्याने गप्प केलं.

इतकी शांतता मेनाने शनिवारी कधी ऐकली नव्हती. ओढा. वारा. लांबवर एका डोमकावळ्याचा आवाज. तिने डोळे मिटले.

मग शिटी आली. मार्मोटची, डोंगरात बिळं करून राहणाऱ्या त्या गुबगुबीत खारीची, तीक्ष्ण. मेनाने कान दिला. एकच शिटी असेल तर इशारा गरुडाचा. पण ही थांबेना. टिक, टिक, टिक, टिक, एकामागून एक. म्हणजे जमिनीवरून काहीतरी मोठं चाललंय आणि त्यांना ते आवडलेलं नाही. आवाज येत होता तो डावीकडून, काळ्या घळीच्या तोंडाशी असलेल्या दगडांच्या घसरणीवरून.

"घळीत आहे," ती पुटपुटली आणि निघाली.

घळीच्या कडेला पोचताच स्पात्स दिसली. कड्याच्या पोटाला खाटेएवढी रुंद गवताची पट्टी होती, आत आत अरुंद होत गेलेली, आणि तिच्या टोकाला काहीच नव्हतं. नुसती पोकळी. स्पात्स त्या पट्टीवर बरीच आत शिरून, शेपूट मेनाकडे करून, निवांत चरत होती. आणखी चार पावलं, की संपलं. मागून कोणी हाकललं तर ती पुढेच पळणार, आणि पुढे जागा नव्हती.

एत्तोरे धापा टाकत आला. त्याच्यामागे लुदोविका, आणि मागे अख्खं गायक पथक, बूट न वाजवण्याची काळजी घेत.

"ऐका," मेना कुजबुजली. "मी पट्टीवर जाते. ती वळली आणि बाहेर आली, तर या दगडांवरून खाली उधळेल. तुम्ही खालच्या अंगाला रांगेत उभे राहा. कुंपण व्हा. हात खाली, काठ्या खाली. तिच्या डोळ्यांत बघायचं नाही. शिंक आली तरी गिळा."

"आणि अंगावर आली तर?" पथकातल्या एका जाड्या आजोबांनी विचारलं.

"नाही येणार. कुंपणावर कोण धावतं? फक्त कुंपणासारखं उभं राहायला जमलं पाहिजे."

ते जमलं त्यांना. सत्तरीच्या बाया, दुखऱ्या गुडघ्यांचे आजोबा, मिलानची दोन पोरं, हातभर अंतर ठेवून दगडांवर उभी राहिली. एकाही तोंडातून आवाज नाही.

मेना पट्टीवर उतरली. कमरेच्या पिशवीत मीठ होतं, गुराखणीच्या कमरेला ते असतंच. मूठभर हातात घेतलं, हात लांब केला आणि नेहमीच्या, अगदी रोजच्या सुरात बोलू लागली. "कीम, कीम... ये गं चिमणे. कुठे निघालीस एवढी नटवी? उद्या मिरवायचंय आपल्याला. ये."

स्पात्सने कान फिरवला. मान वळवली. मिठाचा वास नाकात शिरला आणि जीभ बाहेर आली, पण पाय तिथेच.

"ये बाई. मी चुकले, तू नको चुकू."

हे वाक्य तिच्या तोंडून आपोआप गेलं. ऐकायला कालवडीशिवाय कोणी नव्हतं.

स्पात्सने पुढचे पाय वरच्या अंगाला टाकले, कड्याला नाक घासत अंग वळवू लागली. मागचा एक पाय गवतावरून सरकला. दगड निसटले आणि खाली जाताना त्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. मेनाने मीठ टाकलं नाही, ओरडली नाही, एक पाऊल पुढे जाऊन तिने कालवडीचं शिंग धरलं आणि स्वतःचं अंग कड्यावर रेटलं. वजन तिचं किती, जनावराचं किती! पण जनावराला ओढायचं नसतं, त्याला फक्त कळलं पाहिजे की धरायला कोणी आहे. स्पात्स फुरफुरली. तिचा पाय चाचपडला, माती सापडली, आणि पुढच्या क्षणी तिचं ओलं नाक मेनाच्या तळहातात होतं.

मग दोघी चालत आल्या. मेना पाठमोरी, एकेक पाऊल मागे टाकत, आणि स्पात्स मीठ चाटत चाटत तिच्यामागे. दगडांवर पोचताच कालवडीने खालच्या उताराकडे मान टाकली, तिथे तिला माणसांचं कुंपण दिसलं. जाडे आजोबा डोळे घट्ट मिटून उभे होते. ती वळली आणि गुपचूप पायवाटेला लागली.

कोणी टाळी वाजवली नाही. सगळ्यांनी हात वर केले आणि बोटं हलवली, पस्तीस-चाळीस माणसांनी, तोंडं कानांपर्यंत पसरून, एक अक्षरही न काढता. लुदोविका तर रडत होती. मेनाने स्पात्सच्या गळ्यात आपला पट्टा बांधला, गाठ दोनदा तपासली आणि मग छाती भरून श्वास घेतला.

"आता ओरडा रे!"

काय आवाज झाला म्हणता! गायक पथकाने असा सूर लावला की समोरच्या कड्यांनीही साथ केली. स्पात्सने सगळ्यांकडे वैतागून पाहिलं आणि घरची वाट धरली. मेना तिच्या मानेवर हात ठेवून हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम. अडतीस! अडतीसच्या अडतीस! वरात झोपडीपर्यंत गात गात खाली आली.

ओढ्याकडून विगिल आला तो घामाने निथळत होता. त्याने कालवडीचे चारही पाय चाचपले, खूर पाहिले, पोट पाहिलं, मेनाला एक घट्ट मिठी मारली. आणि मग त्याची नजर लाल जॅकेटवर गेली.

"तू! पाटी वाचता येत नाही तुला? तीन भाषांत लिहिलीय! तुझ्यासारख्यांमुळे आमची जनावरं मरतात, कळतं का? उचल तुझी पिशवी आणि चालता हो इथून!"

गाणं थांबलं. एत्तोरेने विगिलकडे पाहिलं, मग मेनाकडे. लुदोविकाचा हात खिशातल्या फोनकडे गेला. एत्तोरेने तो हळूच धरला. "आम्ही लावलं होतं," एवढंच तो म्हणाला आणि पिशवी उचलायला वाकला. त्याला कळलं होतं. सकाळी फाटकाच्या वाटेने वर येणारं दुसरं कोणीच त्यांना दिसलं नव्हतं, फक्त फांद्या गोळा करणारी मेना दिसली होती.

गप्प राहिलं असतं तर झालं असतं. पोरं संध्याकाळी मिलानला गेली असती, उद्या मुकुट, फुलं, घंटा, आणि मेनाची पाटी होती तशी फाटकावर राहिली असती.

"ठेव ती पिशवी खाली," मेना म्हणाली. "विगिल, मी टाकलं फाटक उघडं."

"काय?"

"फांद्या आणल्या ना, तेव्हा. हात भरलेले होते. आकडा मी लावला नाही. ह्यांनी लावला होता, ह्यांच्या फोनमध्ये पुरावा आहे. वर तळ्यापाशी मला कळलं होतं, तरी मी ह्यांना खोटं सांगितलं. दुसरं कोणीतरी आलं असेल म्हणाले." ती दोघांकडे वळली. "एत्तोरे, लुदोविका, माफ करा मला. तुमच्यावर ओरडले ते चूक, आणि नंतर खोटं बोलले ते त्याहून चूक."

अकरा वर्षांत बहिणीला विगिल पहिल्यांदाच माफी मागताना ऐकत होता. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं.

"मेने," शेवटी तो म्हणाला, "मुकुट बांधायचा ना?"

"बांधायचा म्हणजे? अडतीस आहेत! त्यांनी काय पाप केलंय?"

दुसऱ्या दिवशी खिल्लार उतरलं तेव्हा त्याचा आवाज पार खालच्या धरणापर्यंत गेला म्हणतात. पुढे म्होरक्या गायीच्या डोक्यावर तांबड्या फितींचा, आरसे लावलेला मुकुट. मागे स्पात्स, गळ्यात तिच्या मापाला जरा मोठीच घंटा, आणि तोरा असा की काल काही घडलंच नाही. एत्तोरे आणि लुदोविका रात्री गवताच्या माळ्यावर झोपून गुरांबरोबर चालत होते. रीतीप्रमाणे अशा दिवशी गुराखणीच्या टोपीलाही फुलांचा तुरा असतो. विगिलने तो बांधून ठेवला होता. मेनाने तो निघताना एत्तोरेच्या टोपीला खोचला आणि स्वतःची टोपी तशीच डोक्यावर चढवली.

पहिल्याच घरातून पाववाली हात पुसत बाहेर पळत आली. "अगं मेना! मुकुट! किती देखणं गं!" आणि मग तिची नजर वर गेली. "अगं, पण तुझी टोपी बोडकी का? कोण दगावलं?"

"कोणी नाही!" मेना घंटांच्या वरताण ओरडली. "फाटक मी उघडं टाकलं होतं!"

"कोणी?"

"मी! मेनाने!"

पाववालीचा विश्वास बसेना. ती तोंडावर हात ठेवून उभी राहिली आणि खिल्लार तिच्या दारावरून दणदणत पुढे गेलं. पुढच्या दारात पोस्टातला उभा होता. त्याने विचारायच्या आत मेनाने त्याला सांगून टाकलं.